ऐंशी डिग्री

नाईट शिफ्ट सुटली सव्वासातला.
शिरोलीच्या पुलावर वारा होता, तोही कोमट,
मे महिन्यातला.
घरी आलो तर फ्रीजवर तो डबा,
तळहातात मावेल एवढा,
मयुरा जाताना ठेवून गेलेली, न सांगता.
डब्याखाली वहीचं पान:
पाणी ऐंशी डिग्री. उकळतं नको.
पप्पा, प्लीज, उकळतं नको.

चौदाशे डिग्री मी डोळ्यांनी ओळखतो.
चोवीस वर्षं लोखंडाचा रस ओततोय,
रंग बघून सांगतो, थांब, अजून नाही.
दिलावर मुल्लाणी मागनं मीटर लावतो
आणि मीटर खरं बोलतोय का
ते माझ्या तोंडाकडं बघून ठरवतो.
पण ऐंशी?
ऐंशीला रंगच नाही.

शालन म्हणाली, सरका.
आधण बोलायला लागायच्या आधी उतरायचं, एवढंच न्हवं?
पातेल्याला कान दिला,
आणि उतरलं.

डब्यात पोपटी पीठ. पिठाहून मऊ.
चहाच्या गाळणीत घेतलं, चमच्याच्या पाठीनं चाळलं.
हे मात्र मला कुणी शिकवायला नको.
वाळू चाळल्याशिवाय आम्ही साचा भरत नाही.
एक गुठळी राहिली
तर कास्टिंगच्या पोटात भोक पडतं,
वरून दिसत नाही,
गिऱ्हाइकाकडं गेल्यावर फुटतं.
त्या वाळूला आमच्यात ग्रीन सँड म्हणतात.
असते काळी कुळकुळीत.
मयुरा लहान असताना भांडायची, मग हिरवी का म्हणता?
ओली असते म्हणून, बाळ. ओलं ते हिरवं.
तिला कधी पटलं नाही.

घुसळायला बांबूचा ब्रश हवा म्हणे.
नव्या खराट्याचे वीस-बावीस हीर उपसले,
कढत पाण्यात धुतले, दोऱ्यानं आवळले.
पानावर लिहिलं होतं, इकडून तिकडं. गोल नाही.
गोल नाहीच्या खाली दोन रेघा.
पोरीला माझं मनगट माहीत आहे.

ग्लासात आधी काकवी,
मेव्हण्याच्या गुऱ्हाळावरची, शेवटच्या आधणातली.
मग बर्फ. ट्रे फुटून दोन वर्षं झाली,
वाटीत गोठवलेला गोळा वरवंट्यानं फोडला.
मग दूध, गंगावेशीतल्या कट्ट्यावरचं,
काल संध्याकाळी डोळ्यांसमोर पिळलेलं,
साय काढली तरी काचेला धरून बसणारं.
शेवटी हिरवं, चमच्यावरून, हळू,
एका धारेत.
ओतताना तिथं थांबलो तर लोखंडात सांधा राहतो,
आख्खा माल भंगारात.
इथं सांधाच दिसायला हवा:
तळाला तांबूस, मध्ये पांढरं, वर पोपटी.
माझ्या हातून पहिल्यांदाच
मुद्दाम ठेवलेला सांधा.

शालननं वास घेतला.
ओल्या वैरणीचा येतोय की वो.
म्हशीनं दिवसभर रवंथ करून
हिरव्याचं पांढरं केलं,
आणि तुम्ही पांढऱ्यात परत हिरवं घालताय.
मग घोट घेतला. कडू हाय, म्हणाली.
ग्लास काही खाली ठेवला नाही.

चार दिवस राहून गेली मयुरा.
चारी दिवस, मी कामावरनं आलो की
ग्लास भरून समोर धरायची.
चारी दिवस मी म्हणालो,
शेवाळ पीत नाही मी.
चौथ्या दिवशी तिनं तो माझ्यादेखत मोरीत ओतला,
हळू,
एका धारेत.

उरलेला अर्धा मी प्यायलो, उभ्यानंच.
जिभेवर आधी गवत, मग गूळ,
मग बराच वेळ काहीतरी
ज्याला आमच्याकडं शब्द नाही.
रिकाम्या ग्लासाचा फोटो काढला.
खाली काय लिहावं सुचेना.
मीटर नसलेल्या माणसानं काय लिहावं?
लिहिलं: उकळू दिलं नाही.

फोन उशाला ठेवून आडवा होत होतो
तर शालन दारातनं म्हणाली,
मिशी पुसा आधी.